दुरुस्ती दोन मिनिटांत उडाली: विकिपीडियावर पहारा कोणाचा, कल कोणाकडे?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या घराण्याच्या मूळ पुरुषावर इंग्रजी विकिपीडियात लेख आहे. त्यात एक लढाई राहून गेली होती, म्हणून मी दोन वाक्यं घातली आणि आमच्या कुलवृत्तांताचा आधार दिला. दोन मिनिटांत ती गेली. पुन्हा घातली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी मलाच ताकीद आली. कोणीही लिहू शकतं म्हणायचं आणि मूठभरांनी ठरवायचं, हा पक्षपात नाही का? अशा ज्ञानकोशावर विश्वास का ठेवायचा?"

मी चौदा वर्षं मराठी आणि इंग्रजी विकिपीडियावर संपादन करते आहे. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ लिहिण्यात गेलेला नाही, दुसऱ्यांचे बदल तपासण्यात गेला आहे. तुमच्यासारख्यांची वाक्यं मी परतवली आहेत (म्हणजे बदल रद्द करून पान पूर्वीसारखं केलं आहे), माझीही परतवली गेली आहेत. तेव्हा सरळच सांगते. पक्षपात आहे आणि नियंत्रणही आहे, पण ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. माझा अनुभव असा की पक्षपात सगळ्यात जास्त साचतो तो ज्या पानाकडे कोणी फिरकत नाही तिथे, किंवा एकाच मताचे चौघे जिथे ठाण मांडून बसले आहेत तिथे. तुमची वाक्यं ज्या पानावरून गेली ते या दोन्हींत बसत नाही.

आधी त्या दोन मिनिटांत काय घडलं ते बघू. विकिपीडियावर 'अलीकडील बदल' नावाचं पान असतं. कोणी कुठे स्वल्पविराम जरी बदलला तरी त्याची ओळ तिथे उमटते, आणि नव्या खात्यांचे बदल तपासणारे लोक त्या ओळींवर नजर ठेवून असतात. इंग्रजीत क्लूबॉट एनजी नावाचा सांगकाम्या आहे (मराठी विकिपीडियावर बॉटला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला, आम्ही सांगकाम्या म्हणतो, आणि मला हा शब्द फार आवडतो). तो उघड धुडगूस काही सेकंदांत परतवतो. शिवाय प्रत्येक जुन्या संपादकाची स्वतःची पहाऱ्याची सूची असते. त्यातल्या पानाला हात लागला की त्याला कळतं. घराण्यांवरचे आणि जातींवरचे लेख अशा अनेक सूच्यांमध्ये असतात, कारण तिथे दर आठवड्याला कोणीतरी आपल्या पूर्वजाला वरच्या वर्णात नेऊन बसवतं, नाहीतर शेजारच्या जातीला खाली ढकलतं. म्हणून २०१२ पासून इंग्रजी विकिपीडियावर भारतीय जातींच्या विषयांना नेहमीपेक्षा कडक नियम लागू आहेत. एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा परतवापरतवी केली की खात्यावर बंदी येऊ शकते. तुम्हाला आलेली ताकीद त्याची पूर्वसूचना होती. काही वादग्रस्त पानं तर ३० दिवस जुनं आणि ५०० संपादनं झालेलं खातं असल्याशिवाय संपादनासाठी उघडतच नाहीत.

थोडक्यात, ज्याने तुमची वाक्यं काढली त्याचं तुमच्या घराण्याशी काही वाकडं असण्याची शक्यता फार कमी आहे. त्याला ती लढाई माहीतही नसेल. त्याने पाहिलं ते एवढंच: नवं खातं, घराण्याचा लेख, गौरवाचा मजकूर आणि घराण्यानेच छापलेला आधार.

आता "मूठभर लोक" याबद्दल. आपल्याकडे ज्ञानकोश म्हटला की डोळ्यांसमोर एक नाव येतं. केतकरांचा ज्ञानकोश केतकरांचा होता. मराठी विश्वकोश वाईत उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ साली आला, आणि त्यावर प्रमुख संपादक म्हणून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं नाव होतं. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं. चूक झाली तर पत्र कोणाला लिहायचं हे ठाऊक असतं. विकिपीडियाला असा प्रमुख संपादक नाही. सर्व्हर चालवणारं विकिमीडिया फाउंडेशन लेखात काय असावं हे सहसा ठरवत नाही. प्रचालकाला, म्हणजे ॲडमिनला, पान कुलूपबंद करता येतं, खातं बंद करता येतं, पान वगळता येतं; पण अमुक वाक्य खरं की खोटं हा निवाडा देण्याचा जादा अधिकार त्यालाही नसतो. ठरतं ते लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर, आणि तिथे टिकून वाद घालणाऱ्याचं पारडं जड होतं. याची एक वाईट बाजू आहे, ती मी लपवत नाही. ज्याच्याकडे वेळ आहे, ज्याचं इंग्रजी सफाईदार आहे आणि ज्याला नियमांची नावं तोंडपाठ आहेत, तो जिंकतो. दिवसभर नोकरी करून रात्री दहाला फोनवरून लिहिणारी बाई हरते. मी अशा कितीतरी जणींना कायमचं निघून जाताना पाहिलं आहे.

तरीही पहारा नसलेलं पान कसं असतं ते एकदा पाहा. मे २००५ मध्ये अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार जॉन सिगेनथेलर यांच्या इंग्रजी लेखात कोणीतरी लिहिलं की दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. सिगेनथेलर स्वतः रॉबर्ट केनेडींबरोबर काम केलेले गृहस्थ. ते धादांत खोटं वाक्य चार महिन्यांहून जास्त काळ तसंच राहिलं, आणि नोव्हेंबरात त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिल्यावर जगाला कळलं. पुढच्याच महिन्यात इंग्रजीत खातं न काढता नवं पान तयार करण्याची सोय बंद झाली. जिवंत व्यक्तींबद्दल आधाराशिवाय वाईट लिहिलेलं दिसताक्षणी काढायचं, ही शिस्तही त्यानंतरच पक्की झाली. जर्मन विकिपीडियाने तर २००८ मध्ये आणखी पुढे जाऊन नव्या संपादकाचा बदल अनुभवी माणसाने पाहिल्याशिवाय वाचकाला दाखवायचाच नाही अशी पद्धत आणली. ज्या कुलपाचा आज तुम्हाला जाच होतो, ते अशाच एकेका घटनेनंतर लागलेलं आहे.

आणि एकाच मताचा पहारा असला की काय होतं, याचं उदाहरण क्रोएशियन विकिपीडियाचं. प्रत्येक लहान भाषेतल्या संपादकाने ते पाठ करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. क्रोएशियाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आसपास. संपादक मोजके, प्रचालक त्याहून मोजके. त्यातल्या कट्टर उजव्या विचारांच्या एका गटाने हळूहळू सगळी सूत्रं हातात घेतली. विरोध करणाऱ्यांची खाती बंद झाली. एकाच माणसाची अनेक खाती मतदानात उतरली. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियातल्या उस्ताशा या फॅसिस्ट राजवटीने यासेनोव्हाक इथे छळछावणी चालवली होती. सर्ब, ज्यू आणि रोमा माणसांचं तिथे शिरकाण झालं. त्या छावणीचं वर्णन या विकिपीडियावर जणू मजुरांची छावणी असावी अशा भाषेत होत राहिलं. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगितलं की क्रोएशियन विकिपीडिया वापरू नका. त्यानंतरही सुटका व्हायला सात वर्षं गेली. २०२० मध्ये गटाच्या म्होरक्यावर सर्व विकि प्रकल्पांत बंदी आली, आणि २०२१ मध्ये फाउंडेशनने या सगळ्या प्रकाराचा अहवाल प्रसिद्ध केला.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की नियम क्रोएशियनमध्येही तेच होते. निष्पक्ष दृष्टिकोन, पडताळता येण्याजोगा मजकूर, विश्वासार्ह संदर्भ, सगळं लिहिलेलं होतं. कमी पडली ती वेगळ्या मताची माणसं. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियात उलट झालं: तिथे कोणाचा डाव नव्हता, पण पाहणारंही कोणी नव्हतं. २०२० मध्ये उघड झालं की ही भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने हजारो लेख इंग्रजीला स्कॉट्सचा मुलामा देऊन लिहिले होते, आणि वर्षानुवर्षं ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता आपल्याकडे वळते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख, आणि लेख लाखाच्या आसपास. नियमित लिहिणारे आणि प्रचालक इतके थोडे की जुने लोक एकमेकांना लिहिण्याच्या ढंगावरून ओळखतात. म्हणून मला इंग्रजीतल्या पक्षपातापेक्षा मराठीतल्या रिकामपणाची काळजी जास्त वाटते. एखाद्या पानावर दहा वर्षांत तिघांनीच हात फिरवला असेल, तर तिथला कल त्या तिघांचाच असणार.

मराठीत पक्षपात कुठे लपतो हेही सांगते, कारण इंग्रजी नियमांत त्याला उत्तर नाही. आपलं व्याकरणच बाजू घेतं. 'हत्या', 'खून' आणि 'वध' यांतला एक शब्द उचलला की लिहिणारा कुठे उभा आहे ते कळतं. 'गांधीहत्या' म्हणणारा आणि 'गांधीवध' म्हणणारा एकाच घटनेबद्दल बोलत असले तरी एका जागी उभे नसतात. त्याहून सूक्ष्म आहे ते अहोजाहो. मराठी विकिपीडियावर एखादी दुपार घालवा आणि लेखांची पहिली वाक्यं तेवढी वाचा. आमदार 'हे' असतात. क्रिकेटपटू 'हा' असतो. अभिनेत्री 'ही' असते, मग तिची कारकीर्द पन्नास वर्षांची का असेना. लिहिणाऱ्याने मुद्दाम काही केलेलं नसतं. जे तोंडात बसलं आहे तेच उतरतं. एका ज्येष्ठ गायिकेच्या लेखात मी सगळीकडे 'ही' चं 'या' केलं होतं. कोणीतरी ते "कोशात आदरार्थी नको" या कारणाने परतवलं. त्याच संपादकाच्या एका मंत्र्यावरच्या लेखात पहिल्यापासून शेवटपर्यंत 'ते' होतं. मी चर्चा पानावर दोन्ही लेखांतली वाक्यं शेजारी शेजारी ठेवली, बाकी काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी त्याने स्वतः येऊन गायिकेच्या लेखात पुन्हा 'या' केलं. वाईट हेतू नव्हताच. कोणी दाखवेपर्यंत त्याला दिसलं नव्हतं.

यापेक्षा खोल पक्षपात संदर्भांचा आहे. विकिपीडिया स्वतः काही शोधत नाही; दुसऱ्यांनी छापलेलं गोळा करतो. म्हणजे जगाने ज्यांच्याबद्दल छापलं नाही ते इथेही नसतात. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल जाहीर झालं. नाकारणाऱ्याने नियम बरोबरच लावला होता. वर्तमानपत्रांनी त्यांच्याबद्दल लिहिलं नव्हतं, आणि ती उणीव जशीच्या तशी कोशात उतरली. इंग्रजी विकिपीडियातल्या चरित्रांत बायकांची चरित्रं आजही साधारण पाचातलं एक.

आपल्या गावांचंही तेच. माण तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या गावच्या जनावरांच्या बाजारावर सुरेख परिच्छेद लिहिला होता: खिल्लार बैलांची पारख कशी करतात, व्यापारी उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव कसा ठरवतात, पावसाळ्यात बाजार कुठे हलतो. चाळीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं. संदर्भ एकही नाही. तो परिच्छेद मी काढला. मला रात्रभर ते डाचत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर उघडलं. त्यात त्या गावच्या आठवडी बाजाराची ओळ होती. एवढ्या आधारावर बाजार भरतो हे वाक्य परत घालता आलं. इंग्रज अधिकाऱ्यांनी संकलित केलेली दीड ओळ चालली, आणि गुरुजींची चाळीस वर्षं चालली नाहीत. मी त्यांना चर्चा पानावर लिहिलं की हे सगळं एखाद्या नियतकालिकाकडे पाठवा. त्यांनी पाठवलं, ते छापून आलं, आणि मग त्याचा संदर्भ देऊन बोटं दाबण्याचं वर्णन लेखात गेलं. या सगळ्याला चौदा महिने लागले. गंमत अशी की त्याच काळातल्या सरकारी जातिवर्णनांचा आधार इंग्रजी विकिपीडियावर जातींच्या लेखांत चालत नाही, आणि ते योग्यच आहे. बाजाराचा वार लिहिताना अधिकाऱ्याला काही सिद्ध करायचं नव्हतं, पण जातींची उतरंड लिहिताना होतं.

हाच धागा छत्रपती संभाजी महाराजांच्या इंग्रजी लेखाला लागू होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या लेखातल्या मजकुरावरून संताप उसळला, महाराष्ट्र सायबर पोलिसांनी मजकूर काढण्याची नोटीस दिली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. लोकांचं दुखावणं मला कळतं. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही कळेल. पण मूळ दुखणं कुठे आहे ते पाहू या. महाराजांचं वाईट चित्र ज्या बखरीतून पुढे पसरलं, ती मल्हार रामराव चिटणीसांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभरहून जास्त वर्षांनी लिहिलेली. लेखक शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या वंशातला, ज्यांना संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागद तपासून १९६० मध्ये हे चित्र पालटलं. कमल गोखले यांनी पुढे त्यावर स्वतंत्र संशोधन केलं. हे काम बहुतांश मराठीत आहे. इंग्रजी लेखावर काम करणाऱ्या बहुतेकांना मराठी वाचता येत नाही, म्हणून तिथे इंग्रजी पुस्तकांचं वजन जास्त पडतं. नियम मात्र मराठी ग्रंथ नाकारत नाही. पान क्रमांक द्यावा लागतो, कोणी मागितलं तर मूळ वाक्य आणि त्याचं भाषांतर द्यावं लागतं. शंभर मराठी वाचकांनी बेंद्र्यांचं एकेक पान चर्चेत मांडलं असतं तर तो लेख बदलणं भाग होतं. गुन्ह्याच्या बातमीनंतर काय झालं? मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या मराठी येणाऱ्या संपादकांनीच त्या पानाला हात लावणं सोडलं. ज्यांच्या हातून दुरुस्ती होणार होती तेच बाजूला झाले.

न्यायालयातूनही हा प्रश्न गेला आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये आपल्यावरच्या लेखाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्या खटल्याची माहिती देणारं वेगळं पानही न्यायालयाच्या आदेशाने काढावं लागलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पान काढण्याचा आदेश रद्द केला.

मग विश्वास ठेवायचा का? शेन ग्रीनस्टीन आणि फेंग झू या दोन संशोधकांनी अमेरिकी राजकारणावरचे विकिपीडियातले आणि ब्रिटानिकातले लेख जोडीजोडीने तपासले होते. विकिपीडियाचा कल थोडा डेमोक्रॅटिक पक्षाच्या भाषेकडे निघाला. पण ज्या लेखांवर भरपूर संपादनं झाली होती, त्यांत हा फरक कमी होत गेलेला दिसला. माझ्या रोजच्या अनुभवाशी हे जुळतं. म्हणून मी लेख वाचण्याआधी त्याच्या बदलांची नोंद असलेलं 'इतिहास' पान उघडते. किती जणांनी लिहिलंय, शेवटचा मोठा बदल कधीचा, एकाच नावाने निम्मा लेख भरलाय का, हे मिनिटभरात कळतं. मग चर्चा पान. तिथे कडाक्याचं भांडण असेल तर मला बरं वाटतं. लेख वादाचा आहे आणि चर्चा पान कोरं आहे, तर मी त्यातलं एकही वाक्य पुढे पाठवत नाही.

आता तुमची दोन वाक्यं. कुलवृत्तांत घराण्याने घराण्यासाठी छापलेला असतो. त्यातली वंशावळ कितीही अचूक असली तरी पराक्रमाच्या बाबतीत तो एकट्याने चालणार नाही. पण चांगल्या कुलवृत्तांतात आधार दिलेले असतात. त्या लढाईच्या वर्णनाखाली पेशवे दप्तराचा खंड, एखादं छापील पत्र, एखाद्या इतिहासकाराचं नाव आहे का ते बघा. असेल तर तो मूळ ग्रंथ मिळवा, आणि त्या लढाईवर आजच्या इतिहासकाराने काही लिहिलंय का तेही शोधा. लेखाला सध्या हात लावू नका. चर्चा पानावर लिहा: मी याच घराण्यातला आहे, अमुक वाक्य घालावं असं सुचवतो, ग्रंथ हा, पान हे, मूळ मराठी ओळ ही, भाषांतर हे. घराण्यातले आहात हे सांगायला कचरू नका. सांगितल्याने विश्वास वाढतो, लपवलेलं निघालं की सगळं मुसळ केरात. आठवडाभर उत्तर आलं नाही तर तिथेच पुन्हा विचारा. मराठी विकिपीडियावर असाच लेख असेल तर तिथेही घाला, आणि अडलं तर चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, विचारा.

तुम्ही दिलेला लेख मी उघडून पाहिला. गेल्या तीन वर्षांत त्यावर मराठी वाचू शकणाऱ्या कोणाचंही संपादन मला दिसलं नाही. ते पान मी आजच माझ्या पहाऱ्याच्या सूचीत टाकलं आहे. तुम्ही चर्चेत लिहिलंत की मला दिसेल, आणि भाषांतर तपासायला मी येईन.